मद्यमुक्तीच्या सभा : पूर्वेतिहास आणि आपले कर्तव्य



आपल्या ह्या वार्षिक स्मरणिकेत गेली काही वर्षे मी यथामती लिहीत आलो आहे. कधी आपल्या कुलदैवतांविषयी, कधी पूर्वजांच्या स्थलांतराविषयी, तर कधी आपल्या विद्यार्थी वसतिगृहाच्या स्थापनेविषयी. ते विषय अभिमानाचे होते. ह्या वर्षी घेतलेला विषय अभिमानाचा नाही, आणि स्मरणिकेच्या पानांवर तो शोभत नाही असे कित्येकांस वाटण्याचा संभव आहे. तथापि संपादक मंडळाने तो लिहिण्यास अनुमती दिली, ह्याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे.

आपल्या वधूवर सूचीचे कोणतेही पान उघडावे. ‘निर्व्यसनी’ हा शब्द तेथे आढळतोच. वधूपित्याचा पहिला प्रश्नही तोच असतो, व तो रास्तच आहे. परंतु ज्याला तो शब्द लावता येत नाही, त्याच्यासाठी आपल्या सूचीत, आपल्या मेळाव्यात आणि आपल्या बोलण्यातही जागा नाही. असा मनुष्य आपल्या ज्ञातीत नाहीच, असे आपण धरून चालतो. तो आहे, हे प्रत्येक घराला ठाऊक असते. त्याने काय करावे, ह्याचे उत्तर मात्र आपल्याजवळ नसते.

ह्या प्रश्नाचे एक उत्तर जगात काही माणसांनी शोधून काढले आहे. ते विद्वानांनी शोधलेले नाही. दारूने पुरते खचलेल्या माणसांनीच ते शोधले. त्याचा इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे. इतिहास सांगून झाल्यावर आपल्या कार्यकारी मंडळापुढे एक विनंती ठेवणार आहे, हे आरंभीच कबूल करतो.

शपथ, निदर्शने आणि कायदा

दारूचा प्रश्न आपल्या प्रांतात नवा नाही. इंग्रजी अमदानीत १८७८ साली मुंबई इलाख्यासाठी अबकारीचा कायदा झाला आणि दारूचे उत्पन्न हा सरकारी तिजोरीचा एक भरवशाचा आधार होऊन बसला. पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा नगरपालिकेचे सभासद असलेले महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० साली नगरपालिकेच्या अध्यक्षांस पत्र लिहून त्याविरुद्ध आवाज उठविला. पुढे १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यातील दारूच्या दुकानांसमोर स्वयंसेवक उभे राहिले आणि गिऱ्हाइकांचे मन वळवू लागले. संत गाडगे महाराजांच्या वडिलांचा अंत दारूपायी झाला होता. महाराजांनी पुढे जन्मभर कीर्तनांतून खेड्यापाड्यांतील लोकांस दारूपासून दूर राहण्यास विनविले. वारकरी पंथात तर ज्याने गळ्यात तुळशीची माळ घातली, त्याने मद्यमांस वर्ज्य केले, असा दंडकच आहे; ह्या माळेने किती घरे वाचविली ह्याची गणती नाही.

मराठी रंगभूमीनेही आपले कर्तव्य केले. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत, १९१९ साली, रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकर बुद्धिमान वकील आहे, सिंधूसारखी पत्नी त्याच्या घरी आहे. तरीही त्याचा नाश होतो. शिक्षक म्हणून हे नाटक मी वर्गात अनेकदा समजावून दिले. परंतु त्यातील एक गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. त्या नाटकात तळीराम व त्याच्या सोबत्यांचे ‘आर्यमदिरामंडळ’ आहे. पिणाऱ्यांसाठी मंडळ आहे; पिणे सोडू पाहणाऱ्यासाठी मात्र तेथे कोणतेच मंडळ नाही. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो तो एकट्याच्या बळावर, आणि तो निश्चय टिकत नाही.

स्वातंत्र्यानंतर कायदा आला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यान्वये १९५० च्या एप्रिलपासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली. त्या काळच्या वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडून आपण ऐकलेच आहे की, दुकाने बंद झाली आणि हातभट्ट्या पेटल्या. प्रकृतीच्या कारणास्तव डॉक्टरच्या दाखल्यावर परवाने मिळू लागले. पुढे ही बंदी टप्प्याटप्प्याने सैल करण्यात आली. अलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात स्त्रियांच्या मोठ्या चळवळीनंतर २०१५ साली दारूबंदी झाली व २०२१ साली ती उठविण्यात आली. अशा बंदीने काय साधते आणि काय साधत नाही, ह्यावर जाणत्यांत मतभेद आहेत. त्या वादात मी पडत नाही.

ह्या थोरांचे ऋण मोठे आहे. परंतु ह्या सर्व प्रयत्नांचा रोख दुकानावर, बाटलीवर किंवा माणसाच्या निश्चयावर होता. ज्याने दारू सोडली, त्याने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, हात थरथरत असताना आणि जुने सोबती नाक्यावर वाट पाहत असताना, जावे कोठे? ह्या लहानशा प्रश्नाकडे पाहण्यास कोणास सवड झाली नाही.

बाल्टिमोरचे सहा सोबती

हा प्रश्न अमेरिकेतील सहा कारागिरांनी प्रथम मोठ्या प्रमाणावर हाती घेतला. एप्रिल १८४० मध्ये बाल्टिमोर शहरातील एका गुत्त्यात रोज एकत्र बसणाऱ्या ह्या सहा जणांनी, ज्यांत शिंपी, सुतार, लोहार असे लोक होते, एकमेकांच्या साक्षीने दारू सोडण्याची प्रतिज्ञा केली आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या नावाने एक संघ काढला. त्यांचा रिवाज साधा होता. सभेत व्याख्यान द्यावयाचे नाही. प्रत्येकाने आपली स्वतःची हकीकत सांगावयाची, आणि पुढील सभेस आणखी एका पिणाऱ्यास बरोबर आणावयाचे. थोड्याच वर्षांत लक्षावधी लोकांनी ही प्रतिज्ञा घेतली.

ह्या चळवळीच्या स्प्रिंगफील्ड येथील सभेत २२ फेब्रुवारी १८४२ रोजी एका तरुण वकिलाचे भाषण झाले. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले अब्राहम लिंकन ते हेच. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, मद्यप्यांना शिव्याशाप देऊन आजवर काही साधले नाही, त्यांच्याशी मित्रभावाने वागले पाहिजे. आणि जे ह्या व्यसनात पडले नाहीत, ते काही मोठ्या सद्गुणामुळे वाचले असे नसून त्यांना त्याची ओढच नव्हती म्हणून वाचले. आपल्यापैकी जे स्वतःस निर्व्यसनी म्हणवितात, त्यांनी, म्हणजे मीही, हा विचार अवश्य मनात घ्यावा.

दुर्दैवाने ही चळवळ जशी भराभर वाढली, तशीच काही वर्षांत ओसरली. दारूबंदीचा कायदा असावा की नसावा, धर्मोपदेशकांशी संबंध कसा ठेवावा, असे नाना वाद तिच्यात शिरले. मूळचे सहा सोबती आणि त्यांची साधी हकीकत मागे पडली.

अ‍ॅक्रनची भेट

पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा नव्याने सापडली. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात वावरणारे बिल विल्सन नावाचे गृहस्थ दारूपायी नोकरी, पैसा व प्रतिष्ठा गमावून बसले होते. नोव्हेंबर १९३४ मध्ये त्यांचा एबी थॅचर नावाचा जुना मित्र त्यांस भेटावयास आला. पूर्वी बिलबरोबर पिणारा हा मनुष्य त्या दिवशी पीत नव्हता, आणि कसे थांबलो ते त्याने सांगितले. पुढल्याच महिन्यात बिल रुग्णालयात दाखल झाले. तेथील डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांचे मत असे होते की, ही निव्वळ चारित्र्याची दुर्बलता नसून एक आजार आहे. अशा माणसाच्या शरीरास पहिला प्याला पोहोचताच पुढचे थांबविणे त्याच्या हाती उरत नाही. डिसेंबर १९३४ नंतर बिल यांनी पुन्हा दारू घेतली नाही.

रुग्णालयातून बाहेर पडताच त्यांनी इतरांस सुधारण्याचा सपाटा लावला. पाच महिने ते न्यूयॉर्कमधील मद्यप्यांमागे धावले, आणि एकही सुधारला नाही! ते निराश झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी लोइस यांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली की, दुसरे सुधारले नसतील, पण ह्या खटाटोपात तुम्ही स्वतः प्यायला नाहीत. डॉक्टरांनीही सांगितले की, उपदेश पुरे; आजाराविषयी बोला.

मे १९३५ मध्ये बिल व्यवसायाच्या कामासाठी ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन ह्या गावी गेले. काम फिसकटले. खिशात जेमतेम दहा डॉलर उरले. परक्या गावात, हॉटेलच्या दिवाणखान्यात ते एकटेच येरझाऱ्या घालीत होते. एका बाजूस मद्यालय होते. तेथून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या बाजूस गावातील चर्चची नावे लिहिलेला फलक व टेलिफोन होता. पहिला प्याला आता हाती येणार, असे त्यांस भय वाटले. त्यांनी टेलिफोन उचलला आणि गावात एखादा दारूने गांजलेला मनुष्य भेटेल काय, अशी चौकशी आरंभिली.

हा प्रसंग वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. त्यांनी डॉक्टर शोधला नाही, उपदेशक शोधला नाही. आपल्यासारखाच एक पिणारा शोधला, आणि तोही त्याला वाचविण्यासाठी नव्हे, तर स्वतःस वाचविण्यासाठी. अनेक ठिकाणी टेलिफोन केल्यावर हेन्रिएटा सायबरलिंग नावाच्या एका सद्गृहस्थ स्त्रीशी गाठ पडली. त्यांच्या ओळखीचे एक शल्यवैद्य, डॉ. बॉब स्मिथ, दारूपायी व्यवसाय बुडवून बसले होते. १२ मे रोजी सायंकाळी त्यांच्या घरी दोघांची भेट झाली. डॉ. बॉब पंधरा मिनिटांहून अधिक न बसण्याच्या अटीवर आले होते. ते सहा तास बसले. दारूच्या दुष्परिणामांविषयी त्यांना पूर्वी पुष्कळांनी सांगितले होते, आणि डॉक्टर असल्याने ते त्यांस कोणाहूनही अधिक ठाऊक होते. पण ज्याने स्वतः ते भोगले, असा मनुष्य त्यांच्याशी बोलत असलेला त्यांनी प्रथमच पाहिला.

ह्या भेटीने एका दिवसात सारे पालटले असे मात्र नाही. थोड्याच दिवसांत डॉ. बॉब एका वैद्यकीय परिषदेस गेले आणि तर्र होऊन परतले. बिल त्यांच्याच घरी राहत होते. त्यांनी त्यांस झिडकारले नाही. शस्त्रक्रियेचा दिवस येऊन ठेपला होता, डॉक्टरांचे हात स्थिर राहिनात, तेव्हा बिल यांनीच त्यांस बिअरची एक बाटली दिली. तो दिवस १० जून १९३५. ती डॉ. बॉब यांची शेवटची दारू ठरली, आणि तोच ह्या संघाचा स्थापनादिन मानला जातो. लगेच दोघे अ‍ॅक्रनच्या रुग्णालयात खाटेवर पडलेल्या एका वकिलाकडे गेले. तो तिसरा सभासद झाला.

नाव नसलेला संघ

चार वर्षांत अशा लोकांची संख्या शंभराच्या घरात गेली. १९३९ साली त्यांनी आपल्या अनुभवांचे एक पुस्तक छापले. त्याचे नाव ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’, म्हणजे ‘अनामिक मद्यपी’. तेच संघाचे नाव झाले. आपल्याकडे त्यास संक्षेपाने ए. ए. म्हणतात. १९४१ च्या मार्चमध्ये एका मोठ्या साप्ताहिकात त्यांच्यावर लेख आला आणि सुमारे दोन हजारांची सभासदसंख्या वर्षअखेर आठ हजारांवर गेली. आज सुमारे १८० देशांत मिळून वीस लाखांच्या आसपास सभासद आहेत, असा संघाचा अंदाज आहे.

परंतु संख्येपेक्षा त्यांचे नियम अभ्यसनीय आहेत. बाल्टिमोरचा संघ ज्या खडकांवर फुटला, ते ह्यांनी टाळले. अनुभवाने ठरविलेल्या ह्या बारा परंपरा १९५० साली क्लीव्हलंड येथील परिषदेत मान्य झाल्या. त्यांतील चार येथे सांगतो.

पहिली गोष्ट सभासदत्वाची. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. वर्गणी नाही, अर्ज नाही, जातधर्माची विचारणा नाही. दुसरी पैशाची. संघ बाहेरची देणगी घेत नाही. १९३८ साली धनाढ्य जॉन रॉकफेलर यांच्याकडे संस्थापक मोठ्या अपेक्षेने गेले असता, पैशाने ह्या कार्याचा नाश होईल, असे सांगून त्यांनी केवळ पाच हजार डॉलर दिले. पुढे संघासही ते पटले. सभेत थैली फिरते, सभासद ऐपतीप्रमाणे टाकतात, आणि त्यातून जागेचे भाडे व चहाचा खर्च भागतो. तिसरी गोष्ट वादांची. दारूबंदीचा कायदा असावा की नसावा, ह्यावरही संघ मत देत नाही. चौथी अनामिकतेची. सभेत फक्त पहिले नाव सांगावयाचे. तेथे जे ऐकले ते तेथेच ठेवावयाचे.

आपल्या ह्या स्मरणिकेत देणगीदारांची नावे व छायाचित्रे छापण्याचा प्रघात आहे, व तो योग्यही आहे. पण नाव न छापता चालणारी आणि तरीही इतकी वर्षे टिकलेली संस्था कशी असते, हे पाहण्यासारखे आहे. सोयरिकीच्या भयाने ज्यांचे ओठ शिवले गेले आहेत, त्यांना ह्या नियमाचे मोल अधिक कळेल.

पुरुषांच्या सभा चालू असता त्यांच्या पत्नी बाहेर बसून राहत. त्यांनाही बोलावयाचे होते. १९५१ साली लोइस विल्सन व त्यांच्या एका मैत्रिणीने कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ हा निराळा संघ उभारला. नवरा सभेस जावो वा न जावो, बायकोस तेथे जाता येते.

शास्त्राचा निर्वाळाही सावकाश आला. मद्यासक्ती हा आजार होय, असे अमेरिकेच्या वैद्यक परिषदेने १९५६ साली मान्य केले. २०२० साली कॉक्रेन ह्या वैद्यकीय परीक्षण संस्थेने दहा हजारांहून अधिक लोकांवरील २७ अभ्यास एकत्र पडताळले. दारूपासून अखंड दूर राहण्याच्या बाबतीत ए. ए. च्या मार्गाचे फळ इतर प्रस्थापित उपचारांइतके किंवा त्यांहून सरस आढळले. अर्थात हा मार्ग सर्वांस लागू पडतो असे नाही. पुष्कळ लोक मध्येच सोडून जातात; त्यांतील काही परत येतात.

मुंबई आणि पुणे

आपल्या देशात ए. ए. चे कार्य १९५७ साली मुंबईत सुरू झाले. त्या वेळी राज्यात संपूर्ण दारूबंदी होती! दुकानास टाळे लागून सात वर्षे झाली होती, आणि तरीही सोडू पाहणाऱ्या माणसास बसण्यासाठी एका खोलीची गरज होती. तेथून हळूहळू हे गट राज्यातील इतर शहरांत पसरले. ह्या सभा पुष्कळदा चर्चच्या आवारात, शाळांच्या वर्गखोल्यांत किंवा दवाखान्यांत भरतात. त्यामुळे हे परधर्मीयांचे काम असावे, असा आपल्या लोकांचा गैरसमज होतो. ‘आपल्याला जो परमेश्वर जसा उमगला तसा’ एवढेच तेथे म्हणतात. विठ्ठलास मानणारा आपल्या विठ्ठलाचे स्मरण करतो, आणि न मानणाराही तेथे बसतो.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांचे साहाय्य त्यास लाभले. केंद्रात राहून बरा झालेला मनुष्य घरी गेल्यावर एकटा पडू नये म्हणून पाठपुराव्याच्या सभा, तसेच रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट तेथे चालतो. बरे झालेल्या रुग्णांनीच पुढे तेथील कार्यकर्ते व्हावे, हाही तेथील परिपाठ. बाल्टिमोर, अ‍ॅक्रन आणि येरवडा, तिन्ही ठिकाणी धागा एकच दिसतो.

एक घरची गोष्ट

येथवर परक्यांचा इतिहास सांगितला. आता थोडे घरचे सांगतो. माझ्या भावजयीची अनुमती घेऊनच हे लिहीत आहे.

माझा धाकटा भाऊ कारखान्यात फिटर होता. हात कुशल, स्वभाव गोड. तिशीनंतर तो दारूच्या आहारी गेला. मी थोरला, शिवाय शिक्षक. मी त्यास काय काय सांगितले नसेल! कार्तिकीस पंढरपुरास नेऊन त्याच्या गळ्यात माळ घालविली. ती शिमग्यापर्यंत टिकली. माळ तुटली तेव्हा तो मुलासारखा रडला, आणि मी त्यास म्हणालो, “तू पांडुरंगालाही फसवलेस.” हे वाक्य मला आजही झोपू देत नाही. ज्ञातीतील कोणी विचारले तर, कावीळ झाली आहे, असे मी सांगत असे. एका मेळाव्यात तर मी मद्यपाननिषेधाच्या ठरावास अनुमोदन दिले, आणि त्याच रात्री त्यास घरात कोंडून बाहेरून कडी घातली.

२००४ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी, तो गेला. दिवसांत भेटीस येणारे पुष्कळ होते. त्यात एक अपरिचित गृहस्थ आले व ओट्याच्या कडेस बसून राहिले. गर्दी ओसरल्यावर ते म्हणाले, “गुरुजी, तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या भावाबरोबर पीत होतो. आता सहा वर्षे झाली, घेत नाही. त्याला सभेला न्यायला मी दोनदा तुमच्या दारी आलो होतो. तुम्ही मला परत पाठवलेत.”

मला आठवले. होय, मी पाठविले होते. ह्यास मी गुत्त्यावरचा सोबती म्हणून ओळखत होतो. तो पुन्हा नेण्यास आला आहे असे समजून मी त्याच्या तोंडावर दार लोटले होते. त्याने रागाने हे सांगितले नाही. चहा घेऊन तो गेला. जाताना त्याने तालुक्याच्या गावी आठवड्यातून दोनदा भरणाऱ्या सभेचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला, घरात आणखी कोणास लागेल तर, म्हणून.

ती जागा माझ्या शाळेपासून बसने अर्ध्या तासाची. मी कधी चौकशीच केली नव्हती. दोन वर्षांनी, दुसऱ्या एका नातेवाइकाच्या निमित्ताने, मी तेथील खुल्या सभेस जाऊन बसलो. अशा सभेस बाहेरच्या माणसासही बसता येते. शाळेची वर्गखोली, बाके, फळ्यावर सकाळच्या गणिताचे अर्धवट पुसलेले आकडे. पंधरा-सोळा माणसे. त्यांत हमाल होता, बँकेतील अधिकारी होता, एक बाईही होत्या. प्रत्येक जण पाच-सात मिनिटे बोलला. ह्यास ते ‘शेअरिंग’ म्हणतात. कोणी कोणास मध्ये तोडले नाही, कोणी सल्ला दिला नाही. एक तरुण म्हणाला, “काल स्लिप झाली, आज परत आलोय.” सर्वांनी त्यास, बरे झाले आलास, एवढेच म्हटले. ‘जन्मभर सोडली’ असे कोणीही म्हणत नव्हते. ‘आजच्या दिवस पहिला प्याला घेणार नाही’ एवढाच ज्याचा त्याचा संकल्प. तीस वर्षे वर्गात उभे राहून बोलणारा मी त्या दिवशी बाकावर बसून ऐकत होतो. तो नातेवाईक पुढे सावरला. सविस्तर सांगणे अप्रशस्त, म्हणून सांगत नाही.

काय करावे

ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे त्यांच्यासाठी काही सूचना करतो. फार दिवस भरपूर पिणाऱ्याने एकाएकी आपल्या मनाने दारू बंद करू नये. झटके येण्याचा, भ्रम होण्याचा व जिवास धोका संभवतो. प्रथम डॉक्टरांस गाठावे. व्यसनमुक्ती केंद्रात काही दिवस ठेवण्याची गरज आहे किंवा कसे, ते डॉक्टर सांगतील. ए. ए. चे भारतातील मुख्य कार्यालय मुंबईत आहे. तेथे टेलिफोन केल्यास किंवा इंटरनेटवर पाहिल्यास जवळच्या सभेचे ठिकाण, वार व वेळ कळते. केंद्र सरकारचा १४४४६ हा निःशुल्क क्रमांकही ह्याच कामासाठी आहे. पत्ता मिळाल्यावर त्या माणसास एकट्यास धाडू नये. पहिल्या दिवशी दारापर्यंत सोबत जावे. एक सभा रुचली नाही तर दुसरी पाहावी. प्रत्येक गटाची रीत थोडी वेगळी असते. तो तयार नसेल तर घरच्या मंडळींनी अल-अनॉनमध्ये आधी जावे. आणि जुना सोबती दारी आला, तर दार लोटण्यापूर्वी तो कशासाठी आला आहे, हे विचारावे.

आता विनंती. आपल्या संस्थेचे सभागृह वर्षातील थोडे दिवस लग्नमुंजींना जाते. एरवी बहुतेक संध्याकाळी त्यास कुलूप असते. आपल्या भागातील कोणताही गट मागणी करील, तर आठवड्यातील एक संध्याकाळ, रात्री सात ते साडेआठ, ते त्यांस द्यावे, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मी मांडणार आहे. ह्यावर आक्षेप येतील, ते मी जाणतो. संस्थेस बट्टा लागेल, असे कोणी म्हणेल. माझ्या भावास कावीळ झाली असे सांगून मी घराची अब्रू राखली. भाऊ मात्र राखता आला नाही. तेथे इतर ज्ञातींचे लोक येतील, असेही कोणी म्हणेल. होय, येतील. तो गट आपला नसेल, आपल्या अधिकाराखालीही नसेल, आणि तेथे कोणास आडनाव विचारता येणार नाही. ज्या समाजाच्या पैशाने, श्रमाने व शेजाराने आपले सभागृह उभे राहिले, त्यास एक संध्याकाळ परत करण्यात आपले काही उणे होणार नाही. शिवाय आपल्याच माणसास आपल्याच सभागृहात जाणे संकोचाचे वाटले, तर तो दुसऱ्या गावच्या सभेस जाईल, आणि दुसऱ्या गावचा आपल्याकडे येईल. भाडे माफ करण्याचीही गरज नाही. ते लोक फुकट काही घेत नाहीत. योग्य ते अल्प भाडे घ्यावे व पावती द्यावी.

पुढील वर्षी स्मरणिकेत ह्या कार्याचा अहवाल छापता येणार नाही. किती आले, कोण आले, हे आपणास कळणार नाही. फक्त ठरल्या संध्याकाळी शिपायाने दिवा लावलेला असेल व दार उघडे असेल. अधिकउणे लिहिले असल्यास वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी.

— एक सेवानिवृत्त शिक्षक, आजीव सभासद